बुरशी लागलेली लेन्स

पोळ्याच्या दोन दिवस आधी कॅमेऱ्याचा डबा उघडला, एकेक लेन्स उजेडाकडे धरून पाहिली, तर दोन लेन्समध्ये बुरशी. मधल्या काचेच्या कडेला पांढरी, केसासारखी बारीक. कोळ्याने जाळं विणायला घ्यावं आणि अर्ध्यावर कंटाळून निघून जावं तशी. बुरशी आतून आहे, बाहेरून पुसून काही होणार नाही, हे कळत होतं. तरी मलमलच्या फडक्याने पाच मिनिटं पुसत बसलो.

आमचा भाग भंडारा जिल्ह्यातला, धानाचा. गावाच्या एका अंगाला मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, दुसऱ्या अंगाला बोडी, म्हणजे लहान तळं, आणि पावसाळ्यात चहूकडे बांध्यांमधून, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वाफ्यांमधून, साचलेलं पाणी. काडेपेटी ओढता ओढता काडी मोडते. पापड सादळतात, कपाटातल्या शालूला वास येतो, शाळेतल्या हजेरीपटाची पानं एकमेकांना चिकटतात. तिथे जपानहून आलेल्या काचेने कोरडं राहावं ही अपेक्षाच जास्त झाली. चूक मात्र माझी होती. डब्यातले सिलिका जेलचे निळे दाणे जूनमध्येच गुलाबी पडले होते. मंद तव्यावर शेकले असते तर परत निळे झाले असते. रोवणीच्या धावपळीत ते राहून गेलं.

दोन्ही लेन्स घेऊन एसटीने नागपूर गाठलं. त्यातली एक माझ्या पहिल्या लहान मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याची, दहा-बारा वर्षांपूर्वी पगारातून हप्ते पाडून घेतलेली. दुसरी मामाजींची पेंटॅक्सची, 50 एमएम, एफ 2 (एफचा आकडा जेवढा लहान, तेवढा उजेड जास्त). जिना चढून एका खोलीत बसणारे वयस्कर कारागीर आहेत, लेन्स उघडणाऱ्यांपैकी उरलेले. त्यांनी आधी मामाजींची लेन्स घेतली. पुढच्या कड्याला दोन बारीक खाचा असतात, त्यात दोन टोकांचा पाना अडकवला, मनगटाने जरा जोर दिला, कडं फिरलं. मग एक काच बाहेर, दुसरी काच बाहेर, दोन्ही फडक्यावर ओळीने ठेवलेल्या. कापसाच्या बोळ्याला काही लावून त्यांनी काच मधून कडेकडे गोल पुसत नेली. पुन्हा बसवली, उजेडाला धरली, फुंकर मारली. मला आणलेला चहा संपेस्तोवर काम झालं.

माझी लेन्स त्यांनी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि न उघडताच परत दिली. "सर, ही नाही उघडत. उघडली तर आतली पट्टी तुटते, अन् पट्टी मिळतच नाही आता. लाइनच बंद झाली ना हिची."

कंपनीचं नाव घेत नाही. कंपनी जोरात आहे, तिने फक्त तो माल बनवणं थांबवलं. येताना बसमध्ये दोन्ही लेन्स मांडीवर होत्या आणि डोक्यात एकच गणित फिरत होतं: माझी लेन्स मामाजींच्या लेन्सपेक्षा निदान पंचवीस वर्षांनी लहान, आणि मेली ती आधी.

मामाजींचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता. पडद्यावर रंगवलेलं कारंजं, पडद्यापुढे प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी, बाजूला आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. कॅमेरा पेंटॅक्स के 1000. हा कॅमेरा 1976 पासून 1997 पर्यंत जवळजवळ काही न बदलता बनत राहिला. त्याला सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या काट्यापुरता. बाकी सगळं स्प्रिंगवर आणि दातेरी चाकांवर. मामाजी काटा पाहतच नसत. "सेल नसला तरी चालते हा. तुही घड्याळ बंद पडन, हा नाही." 36 फोटोंच्या रोलमधून ते 38 काढायचे आणि त्या दोन फोटोंचा त्यांना जो आनंद व्हायचा, तो पुढे 64 जीबीचं कार्ड घेऊन मला कधी झाला नाही.

आता लहान कॅमेऱ्यांचं काय होणार, हा प्रश्न मला काही बाजारपेठेच्या काळजीने पडलेला नाही. तो बसमध्ये मांडीवर येऊन बसला.

लहान मिररलेसची गोष्ट सुरू झाली 2008 साली. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी मिळून मायक्रो फोर थर्ड्स हा माउंट, म्हणजे लेन्स बसवायची बैठक, जाहीर केला आणि त्याच वर्षी पॅनासॉनिकचा जी 1 आला. आरसा काढून टाकून चित्र स्क्रीनवर दाखवणारा, लेन्स बदलता येणारा पहिला डिजिटल कॅमेरा तो. मग रांगच लागली. सॅमसंगचा एनएक्स 2010 मध्ये आला. निकॉन 1 आणि पेंटॅक्स क्यू 2011 मध्ये, कॅननचा ईओएस एम 2012 मध्ये. सॅमसंगने पाच-सहा वर्षांत दुकान आवरलं. निकॉन 1 चं उत्पादन 2018 मध्ये थांबलं, ईओएस एम 2023 मध्ये. ऑलिंपसने कॅमेऱ्यांचा धंदाच विकला. 1 जानेवारी 2021 पासून तो वेगळ्या कंपनीकडे गेला आणि आता कॅमेऱ्यांवर ओएम सिस्टीम असं नाव येतं. त्यामुळे मायक्रो फोर थर्ड्सची तेरवी दरवर्षी कोणीतरी घालतं, आणि दरवर्षी ती स्वतः पंगतीत जेवायला येऊन बसते. 2022 मध्ये ओएम 1 आला, 2023 मध्ये पॅनासॉनिकचा जी 9 टू, 2025 च्या सुरुवातीला ओएम 3. माझा सध्याचा कॅमेराही याच घरातला आहे. म्हणून हे थोडं आपल्या माणसाबद्दल बोलल्यासारखं होईल, ते समजून घ्यावं.

आरसा काढल्याने काय झालं ते मला मामाजींच्या लेन्समुळे कळलं. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात लेन्सची बैठक आणि फिल्म यांच्यामध्ये आरशाला वरखाली व्हायला जागा लागते. पेंटॅक्समध्ये हे अंतर 45.46 मिलिमीटर, निकॉनच्या जुन्या माउंटमध्ये 46.5. आरसा गेला तशी ती जागाही गेली. मायक्रो फोर थर्ड्समध्ये अंतर उरलं 20 मिलिमीटरच्या आत, सोनीच्या ई माउंटमध्ये 18, निकॉनच्या झेडमध्ये 16. म्हणजे जुन्या लेन्सला नव्या कॅमेऱ्यावर बसवायचं तर मधल्या पंचवीस-तीस मिलिमीटरची एक नळी पुरते. आत काच नाही, तार नाही, काही नाही. ऑनलाइन मागवलेल्या अशा नळीने मामाजींची लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर बसली. उलटं मात्र होत नाही. माझ्या लहान कॅमेऱ्याची लेन्स मामाजींच्या पेंटॅक्सवर कोणत्याही नळीने बसणार नाही. जुन्या लेन्सला जाईल तिथे माहेर आहे. नवीला एकच घर, आणि ते घर बसलं की ती उघड्यावर.

त्यात आणखी एक मेख आहे, दुकानदार ती सांगत नाही. मामाजींच्या लेन्सची रिंग फिरवली की काच खरोखर पुढे-मागे सरकते. आट्यांवर, हाताला जाणवेल अशी. आजच्या बहुतेक मिररलेस लेन्सची रिंग फिरवणं म्हणजे अर्ज करणं. रिंग अर्ज देते, कॅमेरा तो वाचतो, मोटारला आदेश सोडतो, मग काच हलते. कॅमेरा बंद असेल तर रिंग फिरवत बसा, साहेब जागेवर नाहीत. सिस्टीम बंद पडली की लेन्स दगड होते ती या कारणाने. काच ठणठणीत असते, पण तिची भाषा बोलणारं कोणी उरत नाही.

पण जुन्याचं कौतुक एवढ्यावरच थांबवतो, नाहीतर ते खोटं होईल. मामाजींची लेन्स समोरून दिवा आला की धुरकटते. एफ 2 वर कोपरे मऊ पडतात. आणि सारस उडायला लागला तर तिने फोकस करेपर्यंत तो गोंदियाला पोचलेला असतो.

सारसाचा विषय निघालाच आहे. महाराष्ट्रात सारस उरले ते आमच्याच पट्ट्यात, गोंदिया-भंडाऱ्याकडे, मोजक्या जोड्या. माणसाच्या खांद्याला येईल एवढा, कधी त्याहून उंच पक्षी, आणि राहतो धानाच्या बांध्यांत, माणसांच्या मधोमध. खांद्यावर फावडं घेऊन शेतकरी जवळून गेला तर तो मान वर करत नाही. कोणी थांबलं की मात्र त्याला संशय येतो. फोटोवाला नेमका थांबतो. एकदा बाहेरून आलेल्या एका हौशी माणसाबरोबर धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, गेलो होतो. त्याच्याकडे फुल फ्रेमची, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याची (सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणारी चकती), दूरचं जवळ दाखवणारी 200-600 लेन्स, नुसत्या लेन्सचं वजन दोन किलोच्या वर. धुरा फूटभर रुंद, वर दवाने निसरडा. ट्रायपॉडचे पाय कुठे टेकवायचे इथपासून तयारी. सारस शांतपणे चालत तिसऱ्या बांधीत गेले. माझ्याकडे 100-300 होती, 520 ग्रॅमची, दुपट्ट्याखाली लटकवलेली. चालता चालता उचलली, दोन फोटो काढले, चालत राहिलो. लहान कॅमेऱ्याचा फायदा लोक पाठदुखीत मोजतात. मी तो धुऱ्यावरच्या तोलात मोजतो.

लहान सेन्सरमुळे 300 ची लेन्स 600 सारखी दिसते, हे ऐकून गावातल्या पोरांना वाटतं की यात काही जादू आहे. जादू नाही. खिडकी लहान केली म्हणून बाहेरचं झाड मोठं होत नाही, आजूबाजूचं दिसेनासं होतं एवढंच. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर 17.3 बाय 13 मिलिमीटर. फुल फ्रेमचा 36 बाय 24, म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास चौपट. पाऊस सारखाच पडतो, पण परातीत जेवढं पाणी साचतं तेवढं वाटीत साचत नाही. पहाटे सहाला धुक्यात माझ्या फोटोतला सारसाच्या मानेचा लाल रंग मातकट होतो, त्या पाहुण्याच्या फोटोत तो लालच राहिला असता. राहिला असता म्हणतो, कारण त्याला फोटो मिळाला नाही.

उजेडाची खरी परीक्षा मात्र सारसाकडे होत नाही, ती होते नाटकात.

भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. दिवसा मंडई किंवा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. शंकरपट मध्ये बरीच वर्षं बंद होते. 2023 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. नाटक झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाचं, कंपन्या बहुतेक गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्याच्या. रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. लोक तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बोरे (पोती) अंथरून, घोंगड्या लपेटून बसतात. लेकरं दुसऱ्या अंकात झोपतात आणि गाणं आलं की बरोबर उठतात. परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा झाडीपट्टीचं नाव सगळीकडे झालं, पण आमच्या गावात त्याआधीही नाटकाच्या दिवशी पाव्हण्यांना झोपायला जागा उरत नसे.

इथे मामाजींची लेन्स कामाला येते. माझ्या कॅमेऱ्यावर ती 100 एमएमसारखी दिसते. तिसऱ्या ओळीतून नटाचा कंबरेपासून वरचा भाग बरोबर चौकटीत बसतो. स्क्रीनवर चित्र मोठं करायचं, नटाच्या डोळ्यातलं काजळ सापडेपर्यंत रिंग फिरवायची आणि मग त्याने हलू नये म्हणून मनातल्या मनात विनवणी करायची. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची ताकद, 3200 वर, एफ 2. पहिल्या वर्षी मी मोठ्या हुशारीने आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं होतं, समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना त्रास नको म्हणून. रात्रभर फोटो काढले आणि सकाळी पाहिलं तर प्रत्येक फोटोवर आडवे काळे पट्टे, खलनायकाच्या तोंडावरही आणि नायिकेच्या पदरावरही. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचा एलईडी दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरला ओळीओळीने वाचत जातं, तेवढ्यात दिव्याचे बरेच फेरे होऊन जातात. तेव्हापासून साधं शटर आणि सेकंदाचा शंभरावा भाग. खट्ट असा आवाज होतो. म्हाताऱ्यांना तो ऐकू येत नाही, ते शिट्ट्या मारण्यात गुंतलेले असतात.

गेल्या वर्षी शेजारच्या आजीबाईने कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "एवढ्याशा डबीतून येते का जी फोटो?" येते म्हटलं. तिला पटलं नाही. पण तिने कॅमेऱ्याकडे पाहून पदर सारखा केला नाही, ताठ बसली नाही, आणि तो फोटो माझ्या आवडीचा झाला.

नेमकं हेच माझ्या पुतण्याला चालत नाही. तो लग्नाच्या ऑर्डरी घेतो. मी त्याला लहान कॅमेऱ्याचे गुण सांगायला लागलो की तो ऐकून घेतो आणि मग म्हणतो, "काकाजी, पार्टी क्यामेरा पाहून रेट देते. ही डबी घेऊन गेलो तं मले वाढप्यांच्या पंगतीत बसवतील." शिवाय त्याला मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं पाहिजे, ब्लर पाहिजे, आणि ते मोठ्या सेन्सरवर सहज येतं. मुद्दा बरोबर आहे. मांडवात मोठा कॅमेरा हे अर्धं काम आहे. मला राग येतो तो लहान बॉडी घेऊन तिच्यावर किलोभराची लेन्स लावणाऱ्यांचा. बैलाचं जू शेळीच्या मानेवर ठेवायचं आणि वर म्हणायचं की शेळी हलकी आहे.

जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या हिशेबात 2010 साली जगभर 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे रवाना झाले. 2023 मध्ये आकडा 80 लाखांच्या आत आला. मधले सगळे मोबाइलने खाल्ले. उरलेल्या गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे काढायचे तर महाग माल विकावा लागतो, म्हणून 2018 मध्ये निकॉन आणि कॅनन दोघेही फुल फ्रेम मिररलेस घेऊन उतरले आणि लहान कॅमेऱ्यांकडे सावत्र मुलासारखं पाहायला लागले. त्यात गंमत अशी की 2024 मध्ये फुजीफिल्मचा एक्स 100 सिक्स आला, एकच न बदलणारी लेन्स असलेला लहानसा कॅमेरा, आणि त्यासाठी जगभर लोक महिनोन् महिने वाट पाहत बसले. लहान कॅमेरा लोकांना नको आहे असं नाही. लेन्सांचं गाठोडं नको आहे.

म्हणून मला वाटतं, लहान कॅमेरे राहतील. पंधरा वर्षांपूर्वी वाटलं होतं तशा भरलेल्या लेन्सांच्या फडताळासकट मात्र राहणार नाहीत. मूळ कंपन्या नव्या लहान लेन्स कमी काढतील, आणि ती जागा बाहेरचे भरतील. कॅननने 2024 मध्ये मधल्या आकाराच्या (एपीएस-सी) सेन्सरवाल्या आपल्या आरएफ माउंटच्या कॅमेऱ्यांसाठी सिग्मा आणि टॅमरॉनला दार उघडलं. सिग्माची 18-50 एफ 2.8 आली, लहान आणि उजेडी. व्हिल्ट्रॉक्स, टीटीआर्टिझन अशा चिनी कंपन्या तर अशा किमतीत लेन्स देतात की धानाच्या चुकाऱ्यातून घेता येतील. त्यांतल्या हाताने फोकस करायच्या लेन्स धातूच्या असतात, आत मोटार नाही, पट्टी नाही. नागपूरच्या त्या खोलीत पाना लावून त्या उघडतील असं मला वाटतं.

पोरं विचारतात, कोणती घेऊ. माझ्याकडे पॅनासॉनिकची 20 एमएम एफ 1.7 आहे, 2009 साली आलेली, चपटी, शंभरेक ग्रॅमची. शर्टाच्या खिशात जाते. दिवाळीत अंगणात, शाळेच्या परिपाठात, मयतीलासुद्धा तीच. एक 100-300, सारसांसाठी. आणि मामाजींची पन्नास. यानंतर चौथी घ्यावीशी वाटली तेव्हा मी सायकलची ट्यूब बदलली, घराच्या ओट्याला फरशी लावली, आणि ती इच्छा गेली. बॉडी मात्र जुनी घ्या, दोन पिढ्या मागची. मोडली तर कमी रडू येतं.

आणि चामड्याच्या पिशवीत काही ठेवू नका. चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा, त्यात निळे दाणे, आणि दाण्यांवर लक्ष. हे मी सांगतो आहे.

बुरशी लागलेली लेन्स फेकली नाही. ती मुलीने घेतली. उलटी धरली की चांगलं भिंग होतं, असा शोध तिने लावला आणि ती बांधीत बसून धानाच्या बुंध्यावरचे तुडतुडे पाहते. बुरशी तिला दिसत नाही.

मामाजींची लेन्स पोळ्यानंतर पुतण्या पाहायला म्हणून घेऊन गेला, नळी त्याने स्वतःची मागवली. त्याच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ती परत पन्नासच दिसते; माझ्याकडे इतकी वर्षं ती अर्धंच पाहत होती. पहिला फोटो त्याने मामाजींचा काढला, ओट्यावर, दाढी वाढलेली. मामाजींनी मोबाइलवर तो फोटो पाहिला आणि विचारलं, "रोलमधले किती उरले?"

मंडई तीन आठवड्यांवर आली. लेन्स त्याच्याकडेच आहे. परत मागायला पाहिजे.